विझलेल्या वणव्याचा संगणकीय पंचनामा

वणवा स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच जाळून टाकतो. पूर ओसरला तरी भिंतीवर पाण्याची रेघ राहते, भूकंपानंतर जमिनीला पडलेली भेग मोजता येते. वणव्यात मात्र ज्या गवतामुळे, पाचोळ्यामुळे आणि झुडपांमुळे आग त्या वेगाने धावली, नेमके तेच नाहीसे होते. मागे राहते ती जळलेल्या क्षेत्राची कड, अर्धवट करपलेली खोडे, जवळच्या हवामान केंद्रातल्या नोंदी आणि वाचलेल्यांच्या आठवणी. आग कुठून निघाली, कोणत्या वेळी कुठे पोचली, का वळली आणि तिच्या वाटेतल्या माणसांना निसटायला अवधी होता की नव्हता, हे एवढ्याच सामग्रीवरून ठरवावे लागते. गेल्या काही दशकांत या कामात संगणकीय सिम्युलेशन शिरले आहे आणि त्याच्या जोडीने आगीचा प्रवास पडद्यावर मिनिटामिनिटाने दाखवणारे दृश्यांकनही आले आहे.

हे दृश्यांकन पाहणाऱ्याचा सहज समज होतो की जुना वणवा पुन्हा जसाच्या तसा डोळ्यांसमोर घडतो आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. सिम्युलेशनची खरी ताकद नकारात आहे : कोणती गोष्ट घडणे शक्यच नव्हते, कोणती साक्ष भौतिक नियमांत बसत नाही, कोणता आरोप टिकत नाही, हे ते बऱ्याच खात्रीने सांगू शकते. नेमके काय घडले हे ते क्वचितच सांगते. चित्र मात्र हा फरक पुसून टाकते. म्हणून जुन्या वणव्यांची पुनर्रचना हा पंचनामा मानावा. निकालपत्र म्हणून तिचा वापर झाला की चुका सुरू होतात.

ज्वाळेचे गणित

वणव्याच्या वेगाचे आज सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र अमेरिकेच्या मोन्टाना राज्यातील मिसूला येथे तयार झाले. तिथल्या वन-अग्नी प्रयोगशाळेचे काम १९६० मध्ये सुरू झाले. तिच्या वातबोगद्यांत बारीक इंधनाचे थर पसरून, वारा कमीजास्त करून आगीचा वेग मोजला जाई. या प्रयोगांच्या आधारे रिचर्ड रॉथरमेल या अभियंत्याने १९७२ मध्ये आपले मॉडेल प्रसिद्ध केले.

त्यामागची कल्पना सोपी आहे. पेटलेला भाग समोरच्या न पेटलेल्या इंधनाला तापवतो आणि ते पेट घेण्याइतके तापले की आग एक पाऊल पुढे जाते. म्हणजे आगीचा वेग हा एक भागाकार आहे. वर असते समोरच्या इंधनापर्यंत पोचणारी उष्णता, खाली असते ते इंधन पेटवण्यासाठी लागणारी उष्णता. वारा आणि चढ या दोहोंमुळे ज्वाळा समोरच्या इंधनावर कलते, त्यामुळे वरचा आकडा वाढतो. ओलावा खालचा आकडा वाढवतो, कारण आधी पाण्याची वाफ व्हावी लागते. इंधन किती बारीक आहे आणि किती दाटीने रचलेले आहे, यावरही बरेच अवलंबून असते. वाळके गवत हवेतल्या कोरडेपणाशी तासाभरात जुळवून घेते, तर मनगटाएवढ्या फांदीला त्यासाठी काही दिवस लागतात. त्यामुळे एकाच दुपारी एकाच उतारावर गवत भडकते आणि ओंडका नुसता धुमसतो.

हे सूत्र एका बिंदूवरचा, एका दिशेचा वेग देते. त्यावरून नकाशा काढण्यासाठी सतराव्या शतकातले डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांचे प्रकाशलहरींविषयीचे तत्त्व उपयोगी पडले. आगीच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू हा एका छोट्या नव्या आगीचा उगम मानायचा. वाऱ्यामुळे ती आग वर्तुळाकार न राहता लंबवर्तुळाकार पसरते. अशा सर्व लंबवर्तुळांना बाहेरून स्पर्श करणारी रेषा म्हणजे पुढच्या क्षणीची आगीची कड. मार्क फिनी यांनी मिसूला येथेच विकसित केलेला ‘फारसाइट’ हा संगणक-कार्यक्रम याच तत्त्वावर चालतो. १९९० च्या दशकापासून त्याने जमिनीच्या नकाशावर आगीचा तासातासाचा पसारा काढणे शक्य केले.

या मॉडेलच्या मर्यादा त्याच्या जन्मातच आहेत. ते जमिनीलगतच्या, एकसारख्या इंधनातल्या, स्थिर वेगाने चालणाऱ्या आगीसाठी बांधलेले आहे. झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी आग आणि वाऱ्याबरोबर उडून दूरवर नव्या आगी लावणारे निखारे यांच्यासाठी वेगळी सूत्रे जोडावी लागतात. आग स्वतःचा वारा निर्माण करते, हेही त्यात नीट येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी दुसऱ्या जातीची मॉडेल तयार झाली. लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेतले ‘फायरटेक’ ज्वाळेतल्या वायूचा प्रवाह आणि ज्वलन यांची गणिते घनमीटरांच्या पातळीवर सोडवते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात जॅनिस कोएन यांनी हवामान आणि आग यांना एकमेकांशी जोडणारे मॉडेल विकसित केले. त्यात आगीची उष्णता वारा बदलते आणि बदललेला वारा पुन्हा आगीला दिशा देतो.

अधिक गुंतागुंतीचे मॉडेल म्हणजे अधिक खरी पुनर्रचना, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. फायरटेकसारख्या मॉडेलला प्रत्येक घनमीटरातल्या पानांचे वजन आणि ओलावा सांगावा लागतो. परवाच्या आगीसाठी ही माहिती निदान शेजारच्या न जळलेल्या रानातून मोजता येते. शंभर वर्षांपूर्वीच्या आगीसाठी ती कल्पनेने भरावी लागते आणि मग उत्तरातला बारकावा हा त्या कल्पनेचाच बारकावा ठरतो. इतिहासाकडे जेवढी माहिती आहे, तेवढ्याच बारकाईचे मॉडेल वापरणे शहाणपणाचे असते.

भूमी, हवा आणि इंधन

वणव्याची वागणूक भूमीची ठेवण, हवा आणि इंधन या तिघांवर ठरते. काळाच्या ओघात या तिन्हींची माहिती सारखी टिकत नाही आणि पुनर्रचनेतल्या बहुतेक अडचणी या असमानतेतून येतात.

भूमी सर्वांत इमानदार साक्षीदार आहे. डोंगराचा उतार शतकभरात फारसा बदलत नाही. त्यामुळे आज विमानातून लेझरने मोजलेली उंची जुन्या आगीसाठीही चालते.

हवेची साक्ष अर्धीमुर्धी असते. हवामान केंद्र बहुधा गावात किंवा विमानतळावर असते आणि आग डोंगरात. घळीतला वारा सपाटीवरच्या वाऱ्यापेक्षा वेगळ्या दिशेने वाहू शकतो. यावर दोन उपाय आहेत. विसाव्या शतकाचे जागतिक हवामान पुनर्विश्लेषण हा पहिला. त्यात जुन्या वायुदाबाच्या नोंदींवरून त्या त्या दिवशीचे वातावरण संगणकाने पुन्हा उभे केले आहे. दुसरा उपाय म्हणजे त्या ढोबळ वाऱ्याला डोंगर-दऱ्यांच्या आकारात बसवणारे कार्यक्रम. तरीही वादळी ढगातून अचानक खाली कोसळणारी हवा या जाळ्यातून निसटू शकते. ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातील यार्नेल हिल येथे अशाच वादळी वाऱ्याने आगीची दिशा फिरवली आणि १९ अग्निशामक मृत्युमुखी पडले. आधुनिक उपकरणांच्या काळातली आग असूनही तिथल्या वाऱ्याची पुनर्रचना हा स्वतंत्र संशोधनाचा विषय झाला.

इंधन हा सर्वांत कच्चा दुवा. अमेरिकेत इंधनाचे ३० मीटर चौकटीचे देशव्यापी नकाशे एकविसाव्या शतकात तयार झाले. त्याआधीच्या आगींसाठी जुनी हवाई छायाचित्रे, चराईच्या नोंदी, वनरक्षकांचे अहवाल आणि शेजारच्या रानाची आजची स्थिती यांवरून अंदाज बांधावा लागतो. गवत गुडघ्याएवढे होते की कमरेएवढे, यावर आगीचा वेग दुपटीने बदलू शकतो आणि नेमकी तीच गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नसते.

मॅन गल्च : अकरा मिनिटांचा हिशेब

या सगळ्याची कसोटी लागली ती मॅन गल्चच्या आगीत. मोन्टानात मिसुरी नदीला मिळणाऱ्या या घळीत ४ ऑगस्ट १९४९ रोजी वीज पडून आग लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी मिसूलाहून निघालेल्या विमानातून १५ ‘स्मोकजम्पर’, म्हणजे हवाई छत्रीने उतरणारे अग्निशामक, घळीच्या वरच्या भागात उतरले. एकट्याने आगीशी झुंजणारा जेम्स हॅरिसन हा वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. रेडिओची छत्री उघडली नाही आणि तो आपटून फुटला. आग तेव्हा घळीच्या दक्षिणेकडच्या झाडीत होती. नदी पाठीशी असावी म्हणून नायक वॅग डॉज याने तुकडीला उत्तरेकडच्या गवताळ उतारावरून खाली, नदीच्या दिशेने नेले.

पावणेसहाच्या सुमारास डॉजला दिसले की आगीने घळ ओलांडली आहे आणि नदीची वाट अडली आहे. त्याने तुकडी मागे वळवली. आता चढ समोर आणि आग पाठीशी होती. काही मिनिटांनी त्याने अवजारे टाकून देण्याचा हुकूम दिला. मग त्याने काडी ओढून समोरचे गवत पेटवले आणि त्या जळून गेलेल्या जागेत शिरून इतरांना बोलावले. कुणीही आले नाही. डॉज त्या राखेत पालथा पडून वाचला. वॉल्टर रम्सी आणि रॉबर्ट सॅली हे दोघे माथ्यावरच्या खडकांतल्या फटीतून पलीकडे निसटले. १३ जण गेले. त्यांतल्या दोघांनी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात प्राण सोडला. हॅरिसनच्या घड्याळाचे काटे सहाला चार-पाच मिनिटे कमी असताना थांबले होते. वळण्यापासून मृत्यूपर्यंत जेमतेम अकरा मिनिटे गेली होती.

प्रश्न तेव्हापासूनच उभे राहिले. तुकडी घाबरली आणि शिस्त मोडली म्हणून माणसे मेली का? डॉजने लावलेल्या आगीनेच मागच्यांची वाट अडवली, असे एका मृताच्या पित्याचे म्हणणे होते. ते खरे का? वणवा-संशोधनाचे आद्य अमेरिकी अभ्यासक हॅरी गिसबॉर्न त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये घळीत पाहणीसाठी गेले असताना हृदयविकाराने वारले. पुढे शिकागो विद्यापीठातले साहित्याचे प्राध्यापक नॉर्मन मॅक्लीन यांनी हा विषय हाती घेतला. १९७८ मध्ये त्यांनी रम्सी आणि सॅली यांना घेऊन घळीत पुन्हा पाहणी केली आणि मिसूलाच्या प्रयोगशाळेतून गणिताची मदत मिळवली. त्यांचे ‘यंग मेन अँड फायर’ हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ १९९३ मध्ये रॉथरमेल यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला. जिंकता न येणारी शर्यत, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते.

रॉथरमेल यांची रीत सरळ होती. त्यांनी एकाच आलेखावर दोन रेषा काढल्या : एक तुकडीच्या स्थानाची, दुसरी आगीच्या स्थानाची. मृतदेह सापडले तिथे उभारलेले क्रूस, साक्षींतले वेळांचे उल्लेख आणि ते थांबलेले घड्याळ हे तुकडीच्या रेषेचे खुंटे होते. आगीची रेषा उतार, गवत आणि वारा यांच्या अंदाजांवरून सूत्राने दिली. वर चढावे तसा उतार तीव्र होत गेला आणि शेवटी तो सुमारे ७५ टक्क्यांवर पोचला, म्हणजे शंभर फूट पुढे सरकायला पंचाहत्तर फूट वर चढावे लागत होते. त्यामुळे माणसे मंदावली आणि आग वेगावली. अखेरच्या टप्प्यात आगीचा वेग मिनिटाला सुमारे ६०० फूट, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या घरात होता.

या आलेखाने पहिले काम नकाराचे केले. इतक्या चढावर, उंच गवतातून, उन्हाने तापलेली माणसे तो वेग गाठू शकत नव्हती. शिस्त असती तर सगळे वाचले असते, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. माणसे आगीच्या तडाख्यात सापडली ती शेवटच्या धावपळीतल्या गोंधळामुळे नव्हे. त्यांची अडचण त्याआधीच, घळीच्या तोंडाशी आग ओलांडून आली तेव्हा, तयार झाली होती. दोषाचा प्रश्न व्यक्तीच्या धैर्याकडून जागेच्या भूमितीकडे आणि ती वेळेत न ओळखण्याकडे सरकला. संघटनाशास्त्रज्ञ कार्ल वाइक यांनी १९९३ मध्ये याच घटनेवर लिहिलेला निबंध व्यवस्थापनशास्त्रात गाजला. नायकाचा हुकूम तुकडीला अनाकलनीय का वाटला, हा त्यांचा प्रश्न होता. माणसांचा वेग अपुराच होता हे आधी ठरल्याशिवाय त्या प्रश्नाचे पूर्ण वजन कळत नाही.

पण याच आलेखाची दुसरी बाजूही पाहायला हवी. शर्यत जिंकता येणारी नव्हती, असे शीर्षक म्हणते आणि दोघांनी तर ती जिंकली. यात विसंगती नाही, कारण गणित सरासरी तुकडीचे आहे आणि ते दोघे आघाडीवर होते. मात्र वाचलेले आणि न वाचलेले यांच्यातले अंतर मिनिटाहूनही कमी अवधीचे होते. गवताची उंची, घळीतला वारा आणि साक्षींतल्या वेळा यांतली अनिश्चितता त्याहून मोठी आहे. म्हणजे मॉडेल तुकडीविषयी ठामपणे बोलू शकते. एखाद्या माणसाने अवजारे अर्धा मिनिट आधी टाकली असती तर काय झाले असते, याविषयी नाही. डॉजच्या आगीचा वाद याच जातीचा आहे. ती सरळ माथ्याकडे चढली, असे वाचलेल्यांचे म्हणणे होते. ती तशी चढली की वाऱ्याबरोबर घळीच्या लांबीने तिरपी गेली, हे जमिनीलगतच्या त्या क्षणीच्या वाऱ्यावर ठरते. त्या वाऱ्याची नोंद नाही. दोन्ही पर्याय वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी चालवून त्यांतला कोणता उतारावरच्या इतर खुणांशी जुळतो, एवढेच सिम्युलेशन पाहू शकते.

झाडांनी ठेवलेली नोंद

माणसांच्या साक्षी संपतात तिथे झाडांची सुरू होते. जमिनीलगतची सौम्य आग पाँडेरोसा पाइनसारख्या जाड सालीच्या झाडाला मारत नाही. सालीखालचा वाढीचा थर एका बाजूने भाजतो आणि पुढच्या वर्षांची वलये त्या जखमेवर कडेने चढत जातात. कापलेल्या खोडात ती जखम कोणत्या वलयात आहे ते पाहून आगीचे वर्ष कळते आणि वलयाच्या आत तिची जागा पाहून ऋतूचा अंदाज येतो. वलये जुळवून वर्ष ठरवण्याची पद्धत खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी ॲरिझोना विद्यापीठात रुजवली. त्याच विद्यापीठातले थॉमस स्वेटनम यांनी तिच्या आधारे अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या आगींचा इतिहास लिहिला आणि महाकाय सिकोया वृक्षांमधून तो दोन हजार वर्षांपर्यंत मागे नेला.

ही साक्ष बिंदूंची आहे. एका डोंगरावरच्या दहा झाडांना एकाच वर्षी जखम झाली असेल, तर आग त्या दहा ठिकाणी होती एवढे नक्की; मधल्या जागेचे काय, हे झाडे सांगत नाहीत. जखम नसणे हा आग नसल्याचा पुरावाही नसतो. इथे सिम्युलेशन उपयोगी पडते. त्या काळच्या इंधनाच्या वेगवेगळ्या शक्यता धरून शेकडो आगी चालवायच्या आणि कोणत्या आगी त्या सर्व जखमी झाडांपर्यंत पोचतात ते पाहायचे. उत्तर एका नकाशाच्या रूपात येत नाही, संभाव्यतेच्या पट्ट्यांच्या रूपात येते.

या कामाचा धोरणाशी थेट संबंध आहे. २० आणि २१ ऑगस्ट १९१० या दोन दिवसांत आयडाहो आणि मोन्टानात भीषण वणवे एकवटले. त्या वर्षीच्या आगींत सुमारे ३० लाख एकर जंगल जळले आणि किमान ८५ माणसे दगावली. त्यांत बहुतेक अग्निशामक होते. एड पुलास्की या वनरक्षकाने आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात कोंबून बहुतेकांचे प्राण वाचवले, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते. अमेरिकेच्या तरुण वनखात्याने या आगीतून धडा घेतला तो असा, की प्रत्येक आग ताबडतोब विझवलीच पाहिजे. १९३५ मध्ये तर दिसलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणण्याचे धोरण ठरले.

पुनर्विश्लेषित हवामानाच्या आधारे १९१० कडे पाहिले की त्या वर्षीचा असाधारण उष्ण, कोरडा वसंत आणि ऑगस्टमधला झंझावाती वारा ठळक दिसतात. झाडांच्या जखमा दुसरीच गोष्ट सांगतात. पाँडेरोसा पाइनच्या कोरड्या रानांत काही वर्षांच्या अंतराने सौम्य आगी येतच असत आणि साचलेला पाचोळा साफ होत असे. एका अपवादात्मक हवामानातल्या, मुख्यतः वेगळ्या जातीच्या दमट डोंगरी रानातल्या आगीवरून सर्व प्रकारच्या रानांसाठी एकच नियम केला गेला. कोरड्या रानांत त्यामुळे इंधन साचत गेले आणि पुढच्या आगी अधिक उग्र झाल्या. एका वणव्याची कथा कशी सांगितली जाते, यावर पुढच्या शतकातले जंगल ठरू शकते. पुनर्रचनेतला काटेकोरपणा म्हणूनच केवळ अभ्यासकांचा प्रश्न राहत नाही.

किलमोर ईस्ट : दिशा बदलणारा वारा

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी, ‘ब्लॅक सॅटर्डे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दिवशी, मेलबर्नचे तापमान ४६.४ अंश सेल्सियसवर गेले. त्या दिवशीच्या आगींत १७३ माणसे मेली. त्यांतले सुमारे ७० टक्के मृत्यू एकट्या किलमोर ईस्ट आगीत झाले. दुपारच्या आधी तुटलेल्या वीजवाहिनीने लागलेल्या या आगीने बारा तासांच्या आत १ लाख हेक्टर क्षेत्र जाळले. निलगिरीच्या सालींचे जळते तुकडे ३० किलोमीटरहून अधिक दूर जाऊन पडले आणि आगीवर गडगडाटी ढग तयार झाला. काही टप्प्यांत आगीच्या कडेची तीव्रता मीटरमागे ८० हजार किलोवॉटच्या पुढे गेली. काही हजार किलोवॉटच्या पुढेच थेट मुकाबला अशक्य होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

वायव्येकडच्या वाऱ्याने दिवसभर आग आग्नेयेकडे लांबट पट्ट्यात धावली. संध्याकाळी शीत आघाडी आली, वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागला आणि त्या लांबट पट्ट्याची संपूर्ण बगल आघाडी बनून पुढे निघाली. ही गोष्ट दृश्यांकनात जितकी स्पष्ट होते तितकी शब्दांत होत नाही. चिंचोळी पट्टी काही मिनिटांत रुंद भिंत कशी होते, हे एकदा नकाशावर सरकताना पाहिले की वारा बदलण्याच्या इशाऱ्याला तापमानाच्या इशाऱ्याहून अधिक महत्त्व का द्यावे, ते पटते. मेलबर्न विद्यापीठातले केविन टॉलहर्स्ट यांनी चौकशी आयोगापुढे या आगींच्या भौतिक स्वरूपाचे विवेचन केले. त्यांच्या गटाने विकसित केलेले ‘फीनिक्स’ हे मॉडेल पुढे व्हिक्टोरियात इशारे देण्याच्या कामात वापरले गेले.

मॅन गल्च आणि किलमोर ईस्ट यांच्या पुनर्रचनांत एक मोठा फरक आहे. पहिल्या आगीत माहिती इतकी थोडी की गणिताला अंदाजांवर उभे राहावे लागले. दुसऱ्या आगीत रडारने टिपलेला धूर, आणीबाणीचे दूरध्वनी, छायाचित्रे आणि असंख्य साक्षी होत्या. तरीही उडत्या निखाऱ्यांनी लावलेल्या आगी कोणत्या क्षणी कुठे लागल्या, हे सूत्राने सांगता आले नाही. ते साक्षींवरूनच भरावे लागले. माहिती वाढली की मॉडेलचा अधिकार आपोआप वाढतो, असे नाही. अनेकदा मॉडेल कुठे अपुरे आहे, तेच अधिक स्पष्ट होते.

जुळणे आणि सिद्ध होणे

पुनर्रचनेच्या बाजूने सर्वांत जास्त वेळा दिला जाणारा दाखला म्हणजे नकाशांची जुळणी : सिम्युलेशनने काढलेली कड आणि प्रत्यक्ष जळलेल्या क्षेत्राची कड एकमेकींवर बसतात. हा दाखला दिसतो तितका भक्कम नाही. वारा थोडा कमी आणि गवत थोडे जास्त धरले, किंवा ओलावा कमी आणि वाराही कमी धरला, तरी तीच कड मिळू शकते. शिवाय बहुतेक कार्यक्रमांत प्रत्येक इंधनप्रकाराचा वेग हाताने वाढवण्या-घटवण्याची सोय असते. तिचा पुरेसा वापर केला तर कुठलीही कड मिळवता येते. अशी जुळणी कारण सिद्ध करत नाही. ते कारण अशक्य नाही, एवढेच ती सांगते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, काही पुरावा मुद्दाम बाजूला ठेवणे. दुपारपर्यंतच्या खुणांवर मॉडेल बसवायचे आणि संध्याकाळची कड त्याला न दाखवता विचारायची. उत्तर बरोबर आले तर विश्वास वाढतो. दुसरा, एकच आग न चालवता वाऱ्याच्या, ओलाव्याच्या आणि इंधनाच्या शक्य त्या सर्व मर्यादांत शेकडो आगी चालवणे आणि त्यांतल्या किती आगी अमुक ठिकाणी अमुक वेळेपर्यंत पोचतात ते सांगणे. शंभरांतल्या सत्त्याण्णव आगी पोचत असतील तर विधान ठाम असते, पंचावन्न पोचत असतील तर नसते.

यावर आक्षेप असा, की मग एवढा खटाटोप कशासाठी? अनुभवी वनरक्षकाचा अंदाजही इतपत सांगतोच. पण वनरक्षकाच्या अंदाजातली गृहीतके त्याच्या मनात राहतात, मॉडेलमधली कागदावर येतात. ज्याला गवताची उंची पटत नाही तो ती बदलून पुन्हा आग चालवू शकतो आणि निष्कर्ष बदलतो की नाही ते पाहू शकतो. मतभेद कशावर आहे हे नेमके कळणे, ही पुनर्रचनेची मोठी कमाई आहे. असे झाले असते तर काय, या प्रश्नांनाही हीच शिस्त लागते. त्या दिवशी, त्या माणसांना बदलता आली असती अशी एकच गोष्ट बदलावी, बाकी तसेच ठेवावे आणि फरक मॉडेलच्या चुकीहून मोठा असेल तरच बोलावे.

चित्राची जबाबदारी

गणितातली ही सावधगिरी चित्रात उतरत नाही, कारण पडदा शंका दाखवायला नाखूश असतो. पाहणाऱ्याला आग आकाशातून दिसते. तिच्या कडेची रेषा ठसठशीत असते. प्रत्यक्षात जळलेले आणि न जळलेले पट्टे एकमेकांत मिसळलेले असतात. धूर बहुधा गाळलेला असतो, कारण तो नकाशा झाकतो. पण प्रत्यक्ष माणसांना सर्वांत जास्त दिसला तो धूरच. तासांचा काळ मिनिटात आवळला जातो, त्यामुळे शेवट अटळ वाटू लागतो आणि खाली असलेल्यांना तो कळला कसा नाही, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उमटतो. मॅन गल्चमध्ये आग ओलांडून आल्याचे आधी डॉजला दिसले. मागे असलेल्यांना त्याचा हुकूम ऐकू आला, कारण दिसले नाही. आकाशातून पाहणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही.

यावरचे उपाय तंत्राच्या आवाक्यात आहेत. जमिनीच्या उंचीच्या नकाशावरून कोणत्या जागेवरून काय दिसू शकत होते, हे संगणक काढू शकतो. त्या आधारे तीच आग तुकडीच्या नजरेतून, त्यांच्या उंचीवरून आणि खऱ्या वेगाने दाखवता येते. तपास-अहवालांतल्या नकाशांवर पक्की कड सलग रेषेने आणि अनुमानित कड तुटक रेषेने काढण्याचा रिवाज आहे. चलच्चित्रातही तो पाळता येतो. शेकडो आगींचे निकाल एका ठळक रेषेऐवजी फिकट-गडद पट्ट्यांनी दाखवता येतात. असे चित्र कमी थरारक असते, पण ते खोटे बोलत नाही.

प्रशिक्षणात या फरकाला विशेष महत्त्व आहे. अमेरिकेतील अग्निशामक दले जुन्या आगींच्या जागी जाऊन टप्प्याटप्प्याने निर्णयांची उजळणी करतात. ही पद्धत त्यांनी लष्कराकडून घेतली. वाळूच्या पटावर प्रोजेक्टरने आग उतरवून, हाताने डोंगर घडवून तिचा मार्ग बदलताना पाहण्याची साधनेही वापरात आली आहेत. शिकणाऱ्याला शेवट आधी सांगितला तर तो मृतांच्या चुका मोजतो. त्या त्या क्षणी उपलब्ध होती तेवढीच माहिती त्याच्या हाती दिली, तर तो स्वतः काय केले असते ते तपासतो आणि बऱ्याचदा त्याच वाटेने जातो. दुसऱ्या प्रकारात शिकणे घडते.

न्यायालये, चौकशी आयोग आणि धोरणकर्ते यांच्यापुढे पुनर्रचना ठेवताना कसोटी हीच असावी. इंधन, वारा आणि ओलावा यांच्या कोणत्या मर्यादा धरल्या ते उघड असावे. कोणता पुरावा मॉडेल बसवायला वापरला आणि कोणता तपासायला राखून ठेवला, ते सांगितलेले असावे. निष्कर्षांत अशक्य, शक्य आणि संभाव्य असे तीन खण वेगळे असावेत. चित्रातली शंका गणितातल्या शंकेइतकीच दिसावी. एवढे पाळले तर सत्तर किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या आगीविषयीही बरेच ठामपणे बोलता येते, मृतांवरचे निराधार आरोप दूर करता येतात आणि एका वणव्याच्या भीतीतून सगळ्या रानांसाठी नियम करण्याची जुनी चूक टाळता येते. एवढे पाळले नाही, तर पडद्यावरची सुबक आग ही अफवेचीच नवी आवृत्ती ठरते आणि आकड्यांचा आधार असल्यामुळे ती खोडून काढणे अधिक अवघड जाते.